स्टारकेड: वर्षअखेरच्या फ्रीस्टाइल मेळ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर आला की जुन्या कुस्तीच्या चित्रफिती फिरायला लागतात आणि पाठोपाठ तेच ते प्रश्न येतात. गोल्डबर्ग खरंच सलग 173 कुस्त्या जिंकला होता का? स्टिंगच्या वेळी रेफरीने घाई केली का? आणि ‘अरे, हे सगळं खोटंच असतं ना?’ हा तर ठरलेलाच. दर वर्षी वेगवेगळ्या गटांवर तीच उत्तरं टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवतो.

स्टारकेड म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा वर्षाच्या शेवटी होणारा सगळ्यात मोठा कार्यक्रम. 1983 ते 2000, दर वर्षी एक, असे 18 झाले. सुरुवात केली नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या जिम क्रॉकेट प्रमोशन्सने. पुढे तीच कंपनी टीव्ही चॅनेलांचा मालक टेड टर्नर याच्या हातात जाऊन डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. आपल्याकडे सगळ्यालाच ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ म्हणायची पद्धत आहे, पण डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) म्हणजे तेव्हा व्हिन्स मॅकमहनचं दुकान. हे समोरचं दुकान. स्टिंग, गोल्डबर्ग, काळ्या दाढीतला हॉलिवुड होगन हा सगळा माल इथला.

हा रेसलमेनियाच्या आधीचा की नंतरचा?

आधीचा. रेसलमेनिया म्हणजे मॅकमहनच्या दुकानातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. पहिला स्टारकेड 24 नोव्हेंबर 1983ला झाला, पहिला रेसलमेनिया 31 मार्च 1985ला. रेसलमेनियाच्या भक्तांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, म्हणून मी आवर्जून सांगतो.

पे-पर-व्ह्यू ही काय भानगड आहे?

आपल्याकडे केबलवाल्याला महिन्याचे पैसे दिले की जे लागेल ते फुकट, अशी सवय. तिकडे मोठ्या कार्यक्रमासाठी केबल कंपनीला वेगळे पैसे मोजावे लागायचे. नव्वदीत एका रात्रीचे साधारण 30 डॉलर. पैसे भरले तरच त्या रात्री चित्र दिसणार.

त्यामुळे धंद्याचं गणित असं: आठवडाभर टीव्हीवर फुकट दाखवायचं ते भांडण आणि मोठ्या रात्री विकायचा तो निकाल. भांडण जितकं मुरलेलं, तितके निकालाचे पैसे जास्त. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला तर अख्ख्या वर्षाची उधारी चुकती करायची असते. वर्षभर प्रेक्षकाला ‘थांब, देतो’ म्हणत आलेलं असतं. त्या रात्री द्यावंच लागतं. स्टारकेडचा इतिहास मी तरी असाच वाचतो. कधी उधारी फेडली, कधी बुडवली.

पहिले काही स्टारकेड पे-पर-व्ह्यू नव्हतेच, बरं का. 1983मध्ये ते क्लोज्ड सर्किटवर होते. म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्याच ग्रीन्सबरोच्या स्टेडियममधून चित्र थेट दुसऱ्या गावांतल्या सभागृहांत पोचवायचं आणि लोकांनी तिकीट काढून पडद्यावर बघायचं.

पण निकाल आधीच ठरलेला असतो. मग बघायचं काय?

निकाल ठरलेला असतो, हो. आपल्याकडे यासाठी अस्सल शब्द आहे, ‘नुरा कुस्ती’. माझे आजोबा जत्रेतल्या फडांत बसून मोठे झालेले. टीव्हीवर दोन पैलवान दोरीवरून एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना त्यांनी पाहिले, एक मिनिट पाहिले, आणि ‘नुरा आहे ही’ म्हणून उठून गेले. त्यांच्या जागी ते बरोबर होते. खासबागेत माणूस जातो तो कोण कोणाला चितपट करणार हे माहीत नसतं म्हणून.

पण दशावतार बघायला बसलेल्या माणसाला शेवटी राक्षस मरणार हे माहीत नसतं का? माहीत असतं, तरी तो पहाटेपर्यंत बसतो. राक्षस किती मस्ती करतो, देव कधी येतो, आल्यावर कसा येतो, हे बघायला. ही व्यावसायिक कुस्ती त्या जातीची आहे. हिला खेळाच्या मापाने मोजलंत तर नुरा, नाटकाच्या मापाने मोजलंत तर मजा. फक्त यातला राक्षस उंचावरून खरोखर खाली पडतो आणि त्याचा गुडघा खरोखर मोडतो. ते पुढे येईलच.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्याकडेही दारा सिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तुफान गर्दी व्हायची. तेव्हाही ‘खरी की खोटी’ यावर वाद घालणारे होतेच, आणि तेही तिकीट काढूनच आत बसलेले असायचे.

या लोकांची भाषा समजत नाही. चार शब्द सांगाल का?

बेबीफेस म्हणजे सज्जन, हील म्हणजे खलनायक. कथा आणि निकाल ठरवणारा तो बुकर. ठरवून केलेलं ते वर्क, खरंखुरं झालं तर शूट. शेवट कसा होणार, तो फिनिश. कोणाची तरी कुस्ती चालू असताना तिसऱ्याने पळत येऊन ढवळाढवळ केली तर रन-इन. एवढ्यावर तुमचं भागेल.

पहिला स्टारकेड बघण्यासारखा आहे का?

आहे. चित्र धुरकट आहे, आवाज मधेच खरखरतो, पण कथा एकदम सरळ. हार्ली रेसने जूनमध्ये रिक फ्लेअरकडून जागतिक किताब घेतला. परत आव्हान नको म्हणून फ्लेअरला जायबंदी करणाऱ्याला 25,000 डॉलर इनाम लावलं. बॉब ऑर्टन ज्युनिअर आणि डिक स्लेटर या दोघांनी ते काम केलं. मग फ्लेअर बरा होऊन परत आला आणि ग्रीन्सबरोला, स्वतःच्या राज्यात, लोखंडी पिंजऱ्यात रेसला हरवून किताब घेऊन गेला. रेफरी होता जीन किनिस्की, तो स्वतः जुना विजेता. फ्लेअरच्या कपाळातून रक्त येतंय, सोनेरी केस लाल झालेत आणि लोक खुर्च्यांवर उभे आहेत. जून ते नोव्हेंबरची उधारी, एका रात्रीत चुकती.

मला मात्र त्या रात्रीची दुसरी कुस्ती जास्त लक्षात राहिली आहे. रॉडी पायपर आणि ग्रेग व्हॅलेंटाइन. दोघांच्या गळ्यात कुत्र्याचा चामडी पट्टा आणि दोन पट्ट्यांना जोडणारी एकच साखळी. पहिली काही मिनिटं दोघंही नुसते मागे सरकतात आणि साखळी ताणून धरतात. बाकी काही घडत नाही, तरी तुमची मान आखडते. मग साखळी पायपरच्या कानावर बसते. त्या रात्रीनंतर पायपरला डाव्या कानाने कायमचं कमी ऐकू यायला लागलं. ‘नुरा’ म्हणून उठून जाणाऱ्या आजोबांना मला हीच कुस्ती दाखवायची होती.

वर्षअखेरचा म्हणता, पण सुरुवातीचे तर नोव्हेंबरात झाले?

बरोबर. पहिले पाच थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी झाले. तिकडे त्या दिवशी घरोघरी जेवणावळ असते आणि संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न असतो. दक्षिणेतल्या राज्यांत त्या दिवशी कुस्ती बघायला जायची रीत जुनी होती. 1988पासून तो डिसेंबरात गेला आणि मग डिसेंबरचाच झाला.

ही तारीख बदलण्यामागे 1987चं भांडण आहे. क्रॉकेटने त्या वर्षी पहिल्यांदा पे-पर-व्ह्यूवर उतरायचं ठरवलं. मॅकमहनने त्याच दिवशी, 26 नोव्हेंबरला, सर्व्हायव्हर सिरीज नावाचा नवाकोरा कार्यक्रम ठेवला आणि केबल कंपन्यांना निरोप दिला, की स्टारकेड दाखवाल तर पुढचा रेसलमेनिया मिळणार नाही. कंपन्यांनी हिशोब केला. रेसलमेनियाचा पैसा डोळ्यांसमोर होता. मोजक्याच क्रॉकेटबरोबर राहिल्या. त्यात क्रॉकेटने आणखी एक घोळ घातला. स्टारकेड ग्रीन्सबरोहून उचलून शिकागोला नेला. चार वर्षं हक्काने येणारा गावचा प्रेक्षक दुखावला आणि परगावचा काही आपला झाला नाही. गावची जत्रा उचलून शहरात भरवली तर देवळापुढे कोण थांबणार?

वर्षभरात क्रॉकेट कर्जाने वाकला आणि नोव्हेंबर 1988मध्ये कंपनी टर्नरला विकली.

‘डस्टी फिनिश’ म्हणजे काय? सगळे शिवी दिल्यासारखं का म्हणतात?

कारण ती शिवीच आहे. डस्टी ऱ्होड्स हा पैलवानही होता आणि बुकरही; प्लंबरचा पोरगा, ढेरपोट्या, पण बोलायला लागला की अख्खं स्टेडियम त्याच्या खिशात. 1985च्या स्टारकेडला त्याची फ्लेअरशी किताबाची कुस्ती झाली. मूळ रेफरी आडवा पडला, दुसरा धावत आला, त्याने तीन मोजले, डस्टी जिंकला, लोक नाचत घरी गेले. मग कळलं की निकाल फिरवला. मधे तिसऱ्याने ढवळाढवळ केली होती म्हणून फ्लेअर फक्त बाद. आणि बाद झाल्यावर किताब जात नाही. म्हणजे डस्टी जिंकला, पण किताबाचा पट्टा फ्लेअरकडेच.

एकदा केलं तर लोक चिडून पुन्हा तिकीट काढतात. गावोगाव करायला लागलात तर लोक तिकीट काढणंच सोडतात. क्रॉकेटच्या काळात दुसरं घडलं.

एक मात्र सांगायला हवं. त्याच 1985च्या रात्री मॅग्नम टीए आणि टली ब्लँचर्ड यांची पिंजऱ्यातली ‘हरलो म्हण’ कुस्ती आहे. लाकडी खुर्ची मोडते, तिचा टोकदार तुकडा हातात येतो, आणि शेवटी मायक्रोफोन तोंडाशी धरून कबूल करून घेतलं जातं. त्यात विनोद नाही, उड्या नाहीत. दोन माणसं एकमेकांचा मनापासून तिरस्कार करतात, एवढंच दिसतं.

1986चं मचाण काय प्रकरण होतं?

रिंगच्या वर उंच मचाण बांधलं, त्यावर चार पैलवान चढवले, आणि जो खाली पडेल तो हरला. मिडनाइट एक्स्प्रेस या जोडीचा बडबड्या मॅनेजर जिम कॉर्नेट हा पैलवान नव्हे. त्यालाही वर चढवलं. ठरलेलं असं होतं की तो लोंबकळत खाली येणार आणि साथीदार त्याला झेलणार. साथीदार झेलायला पोचलाच नाही आणि कॉर्नेटचा गुडघा कामातून गेला.

त्या वर्षीची आणखी एक गोष्ट. फ्लेअरसमोर उभा राहायचा होता तो मॅग्नम टीए. ऑक्टोबरात त्याच्या गाडीला अपघात झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्याच्या जागी आला निकिता कोलोफ, कालपर्यंतचा ‘रशियन’ खलनायक. शीतयुद्ध चालू असताना अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतले लोक लाल चड्डीतल्या रशियनासाठी ओरडायला लागले. (तो मूळचा मिनेसोटाचा, ही गोष्ट वेगळी.)

1988 ते 1996मधलं काय बघू?

फार काही नाही. एखाद वर्षी साखळी स्पर्धा, एखाद वर्षी चिठ्ठ्या काढून जोड्या, एखाद वर्षी जपानी पैलवानांशी सामना. वर्षअखेरच्या रात्री बुकरांनी प्रयोगशाळा उघडली होती. 1990मध्ये काही महिने गूढ वाढवून ठेवलेला ‘ब्लॅक स्कॉर्पियन’ बुरखा काढल्यावर रिक फ्लेअर निघाला. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेल्या ताटावरचं फडकं उचलावं आणि खाली रोजचीच आमटी निघावी, तसं.

अपवाद 1993. ठरलेला आव्हानवीर सिड व्हिशस होता, पण ऑक्टोबरात इंग्लंडच्या दौऱ्यावर हॉटेलात त्याची आणि आर्न अँडरसनची कात्रीने भोसकाभोसकी झाली. ही खरी, कॅमेऱ्याबाहेरची. सिडला काढलं आणि राक्षसासारख्या व्हेडरसमोर 44 वर्षांच्या फ्लेअरला उभं केलं, हरला तर निवृत्ती या अटीवर, आणि तेही त्याच्या शार्लट गावात. संध्याकाळी कॅमेरा त्याच्या घरी जातो, तो बायको-पोरांचा निरोप घेऊन गाडीत बसतो. रात्री तो कसाबसा, पाय धरून, जिंकतो. घाईत शिजवलेली कथा, पण सगळ्यात चवदार.

1997बद्दल एवढं काय बोलतात?

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

जुलै 1996मध्ये हल्क होगन, ज्याने दहा-बारा वर्षं पोरांना ‘प्रार्थना करा, जीवनसत्त्वं घ्या’ सांगितलं, तो उलटला आणि एनडब्ल्यूओ नावाच्या टोळीचा म्होरक्या झाला. टोळीने डब्ल्यूसीडब्ल्यू ताब्यात घ्यायला सुरुवात केली. सप्टेंबरात टोळीने एक नकली स्टिंग उभा केला, आणि गंमत म्हणजे खऱ्या स्टिंगवर त्याच्याच साथीदारांनी संशय घेतला. झालं. तो रुसला. रंगीबेरंगी चड्ड्या आणि पिवळट केस गेले. काळा कोट, पांढराफटक चेहरा, हातात बेसबॉलची बॅट आली. तो स्टेडियमच्या छताशी, दिव्यांच्या तुळयांवर बसून खाली बघायला लागला. कधी दोरीवरून खाली यायचा, बॅट कोणाच्या तरी छातीला टेकवायचा आणि निघून जायचा.

एका वर्षाहून जास्त काळ त्याने टीव्हीवर एक कुस्ती केली नाही. बोललाही नाही जवळजवळ. होगनसमोर कोण उभा राहणार, असं विचारलं की तो नुसता बोट दाखवायचा.

आपल्या घरी त्या वेळी केबलवर संध्याकाळी कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचा. टॉम आणि जेरी गेले की मोठ्यांचा कारभार. मी तिथे पहिल्यांदा तो पांढरा चेहरा पाहिला. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. कळायची गरजच नव्हती. तो बोलतच नव्हता. चाळीतल्या आम्हा पोरांत जो स्टिंग व्हायचा तो गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसायचा आणि खालून कोणाची तरी आई ओरडायची.

तर ही 15 महिन्यांची उधारी. वसुलीची तारीख 28 डिसेंबर 1997, वॉशिंग्टनचं एमसीआय सेंटर. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या इतिहासात सर्वाधिक लोकांनी पैसे भरून पाहिलेला कार्यक्रम हाच. सोमवारी रात्री दोन्ही दुकानांचे टीव्ही कार्यक्रम एकाच वेळी लागायचे; त्या लढाईत त्यांची नायट्रो तेव्हा मॅकमहनच्या रॉला दर आठवड्याला मागे टाकत होती. काही करायचं नव्हतं. स्टिंग वरून येतो, होगनला चोपतो, पट्टा घेतो, दिवे जातात. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं.

मग झालं काय?

स्टिंग वरून आलाच नाही. चालत आला. कुस्ती सुरू झाली आणि बराच वेळ होगनच मारत राहिला. वर्षभर सगळ्या टोळीला एकटा झोपवणारा माणूस आज मार खातोय, थकल्यासारखा दिसतोय. मग होगनने आपला नेहमीचा पायाचा घाव घातला, अंगावर पडला आणि रेफरी निक पॅट्रिकने तीन मोजले.

कथेप्रमाणे पॅट्रिक होगनला विकला गेलेला होता. त्याने अन्यायाने, भरभर मोजायचं होतं. मग ब्रेट हार्ट मधे पडणार, ‘हे परत होऊ देणार नाही’ म्हणणार, आणि कुस्ती पुन्हा चालू करणार. ब्रेट मॅकमहनकडून नुकताच इकडे आलेला. त्याला सात आठवड्यांपूर्वी माँट्रियलमध्ये मॅकमहनने मधेच घंटा वाजवायला लावून खरोखरच फसवून हरवलं होतं, त्यामुळे त्याच्या तोंडी ते वाक्य शोभणारं होतं.

ब्रेट आला, रेफरीला ठोसा मारला, कुस्ती पुन्हा लावली. स्टिंगने होगनला पाय मुडपून पकडीत घेतलं, होगनने हार मानली, पट्टा स्टिंगला मिळाला. कागदावर सगळं ठरल्याप्रमाणे.

ती मोजणी खरंच भरभर होती का?

नव्हती. मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली हे सांगत नाही, घरातले वाचतात. रेफरी गुडघ्यांवर येतो. तळहात वर जातो. थाप. परत वर जातो, तेवढाच वर. थाप. परत. थाप. ढोलकीवाल्याने संथ लयीत दिलेला ठेका असावा तसा. त्याच रात्रीच्या दुसऱ्या कुठल्याही कुस्तीतली मोजणी शेजारी ठेवा, फरक सापडणार नाही. स्टिंगही खांदा उचलायचा प्रयत्न करत नाही. करायला हवा होता, निदान मोजणी संपता संपता.

म्हणजे पडद्यावर काय दिसलं? होगनने स्टिंगला चारचौघांत, नियमाने, स्वच्छ चितपट केलं. मग ब्रेट नावाचा नवा माणूस आला आणि रडीचा डाव खेळून स्टिंगला दुसरी संधी मिळवून दिली. वर्षभर जो देव म्हणून छताशी बसवला होता तो हरला आणि अपिलात जिंकला.

चूक कोणाची?

यावर मुलाखतींचा ढीग आहे आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंपनी चालवणाऱ्या एरिक बिशॉफने नंतर सांगितलं की त्या दिवशी स्टिंग मनाने आणि शरीराने तयार दिसला नाही म्हणून बेत बदलला. होगनच्या करारात स्वतःच्या कथेवर त्याचा शब्द चालायचा, हेही सर्वांना माहीत आहे. रेफरीला कोणी काय सांगितलं, यावर एकमत नाही. मला विचाराल तर मोजणी हा शेवटचा घोळ. खरा घोळ त्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. देवाला दहा मिनिटं मार खाऊ घातल्यावर रेफरीने कितीही घाई केली असती तरी काय उपयोग?

आणि त्यावर कडी म्हणजे अकरा दिवसांत, 8 जानेवारीला, निकाल वादग्रस्त म्हणून पट्टाच काढून घेतला. डस्टी फिनिश, दुसरं काय. फेब्रुवारीत स्टिंगने तो पुन्हा जिंकला, पण शिळ्या कढीला ऊत आणून ती ताजी होत नाही.

गोल्डबर्गचे 173 विजय खरे की फुगवलेले?

फुगवलेले. सप्टेंबर 1997मध्ये तो आला आणि दोन-दोन मिनिटांत माणसं संपवायला लागला. टीव्हीवरचे विजय मोजले तर आकडा तेवढा भरत नाही. मधल्या काळात तो आठवड्याला मनाला येईल तसा वाढायचा. स्टेडियममधले लोकसुद्धा हिशोब ठेवून होते, त्यांनी पकडलं. तरी त्यांना तो हवाच होता. जुलै 1998मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला हरवून किताब घेतला. त्या रात्रीचा आवाज ऐका.

27 डिसेंबर 1998च्या स्टारकेडला केव्हिन नॅशने ती मालिका तोडली. कशी? सुरक्षारक्षकाच्या वेशात आलेल्या स्कॉट हॉलने गोल्डबर्गला विजेचा झटका दिला आणि नॅशने त्याला उचलून आपटला. मालिका कधीतरी तुटणारच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने तोडली त्याचं त्यातून काही मोठं व्हायला हवं. झालं असं की आठच दिवसांनी, 4 जानेवारी 1999ला, होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि पट्टा परत होगनकडे. गोल्डबर्गचं सव्वा वर्ष एका बोटावर खर्च झालं. माझ्या मते डब्ल्यूसीडब्ल्यूचा प्रेक्षक तिथून हलायला लागला.

1999मध्ये ब्रेट हार्टला काय झालं?

19 डिसेंबर 1999. ब्रेट विरुद्ध गोल्डबर्ग. गोल्डबर्गची लाथ ब्रेटच्या डोक्यावर नको तेवढी जोरात बसली. ब्रेटने कुस्ती पूर्ण केली, पुढेही काही आठवडे उभा राहिला आणि मग कळलं की मेंदूला जबर धक्का बसलाय. 2000च्या ऑक्टोबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या कुस्तीचा शेवट कसा झाला ठाऊक आहे? पाहुणा रेफरी रॉडी पायपरने मधेच घंटा वाजवायला लावली. म्हणजे माँट्रियलच्या फसवणुकीची नक्कल. एका माणसाची कारकीर्द संपत होती आणि लेखकमंडळी दोन वर्षांपूर्वीच्या विनोदाची उजळणी करत होती.

शेवटचा स्टारकेड कोणता?

17 डिसेंबर 2000, तेच एमसीआय सेंटर. तीन वर्षांपूर्वी जिथे तिकीट मिळत नव्हतं, तिथे वरचे मजले रिकामे. स्कॉट स्टायनरने सिडला हरवलं. मार्च 2001मध्ये मॅकमहनने कंपनी विकत घेतली आणि 26 मार्चला शेवटची नायट्रो झाली. शेवटची कुस्ती स्टिंग आणि फ्लेअर यांची.

आता हे नाव कोणी वापरतं का?

डब्ल्यूडब्ल्यूईने 2017 ते 2019 या काळात वापरून पाहिलं, 2017मध्ये तर ग्रीन्सबरोलाच. पण तो दौऱ्यावरचा कार्यक्रम, वर्षाचा हिशोब नव्हे.

त्या धाटणीचं काही हवं असेल तर एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी कुस्ती कंपनीचा वर्ल्ड्स एंड हा कार्यक्रम बघा. 2023च्या 30 डिसेंबरला पहिला झाला. त्यात साखळी स्पर्धेचा अंतिम सामना असतो, कॉन्टिनेंटल क्लासिक म्हणतात. पहिल्या वर्षी एडी किंग्स्टनने जॉन मॉक्सलीला हरवलं. गुणतक्ता असतो, त्यामुळे आपल्या क्रिकेटच्या डोक्याला तो पटकन समजतो.

भारतात किती वाजता लागतं?

पूर्व अमेरिकेत रात्रीचे 8 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. कार्यक्रम शनिवारी असेल तर आपली रविवारची सकाळ. पोह्यांबरोबर बघता येतो. साडेतीन-चार तास चालतो, त्यामुळे दुपारच्या जेवणाला उशीर होणार हे घरी आधी सांगून ठेवा.

मुलांना दाखवावं का?

जुने पिंजऱ्याचे सामने नको, रक्त फार आहे. बाकीचं शेजारी बसून दाखवा आणि पलंगावरून उड्या मारू देऊ नका. आमच्याकडे एका चुलतभावाचा हात असाच मोडला. त्याच्याकडे पैलवानांची सगळ्यात भारी ट्रम्प कार्डं होती, ती मग जप्त झाली.

मला आजपासून सुरुवात करायची आहे. कुठून करू?

डब्ल्यूडब्ल्यूईच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलांवर बऱ्याच जुन्या लढती आहेत. आधी 1983ची पायपर-व्हॅलेंटाइन. मग 1985ची मॅग्नम-टली. मग 1993ची फ्लेअर-व्हेडर, पण त्याआधीचा घरचा प्रसंग वगळू नका. मग एखादा आठवडा थांबा, स्टिंग छतावर बसलेला असतानाच्या दोन-चार चित्रफिती बघा आणि 1997 सगळ्यात शेवटी लावा. पॅट्रिक गुडघ्यांवर आला की टेबलावर हात ठेवा आणि त्याच्याबरोबर तीन थापा मारा. तुमच्याही तीन संथच पडतील.